नवरंग : पातेऱ्यातला पाहुणा

मे महिना सरत आलेला असतो. दिवेआगरला समुद्रावरचा वारा पडलेला असतो आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत उकाडा नुसता दाटून राहिलेला असतो. विहिरीवरचा पंप बंद होतो, पाटाचे पाणी आळ्यांत मुरते आणि संध्याकाळी सातच्या सुमारास वाडीच्या कडेच्या करवंदीच्या जाळीतून एकाएकी स्वच्छ, खणखणीत शीळ ऐकू येते : ‘व्हीऽट-ट्यू!’ पहिला स्वर चढता, दुसरा उतरता. थोडे थांबून पुन्हा तीच शीळ. मग पलीकडच्या वाडीतून तिला उत्तर येते.

कालपर्यंत ही शीळ नव्हती. घरातली वडीलधारी मंडळी ती ऐकून कौलांकडे आणि अंगणातल्या लाकूडफाट्याकडे पाहतात, कारण आता पाऊस फार लांब नाही.

तुम्ही कोकणात राहत असाल तर ही शीळ नक्कीच ऐकली असेल. पण शीळ घालणारा पक्षी किती जणांनी पाहिला आहे, असे वर्गात विचारले तर फारच थोडे हात वर होतील. याचे कारण सोपे आहे. पक्षी म्हटला की आपण मान वर करून फांद्या धुंडाळू लागतो, आणि हा पक्षी तर आपल्या पायांच्या पातळीवर, झाडाखालच्या सुक्या पानांत वावरत असतो.

याचे नाव नवरंग. शास्त्रीय नाव पिट्टा ब्रॅक्युरा. आकाराने साळुंकीहून लहान, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १९ सें.मी.; वजन साधारण ५० ते ६० ग्रॅम. शेपूट इतके आखूड की कोणी अर्धे कापून घेतले असावे असे वाटते. ‘ब्रॅक्युरा’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘आखूड शेपटीचा’. ‘पिट्टा’ हा शब्द मात्र आपल्या शेजारचा आहे. तेलुगू भाषेत लहान पक्ष्याला ‘पिट्ट’ म्हणतात. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनीअस याने १७६६ साली या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली तेव्हा त्याला चक्क कावळ्यांच्या प्रजातीत बसवले होते! पुढे १८१६ साली व्ह्येयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने पिट्टा ही स्वतंत्र प्रजाती मानली, आणि तेलुगू शब्द जगभरच्या पुस्तकांत जाऊन बसला.

आता रंग मोजू. पाठ हिरवी, पंखांवर चकचकीत निळा पट्टा, पोट फिकट पिवळसर-तपकिरी, शेपटीखाली लालभडक, गळा पांढरा, डोळ्यांवरून जाणारा रुंद काळा पट्टा आणि त्यावर पांढरी भुवई, डोक्यावर तपकिरी रंगात मधोमध काळी रेघ, पाय गुलाबीसर. नऊ रंग भरतातच असा हट्ट धरू नका. नाव ठेवणाऱ्याने हिशेब नीट केला नसेल, पण पक्षी नीट पाहिला होता हे खरे.

एवढे रंग अंगावर घेऊन हा पक्षी तपकिरी जमिनीवर लपतो तरी कसा? एक लहानसा प्रयोग करा. हिरव्या जिलेटिनच्या कागदाचे दोन-तीन पदर डोळ्यांसमोर धरा आणि एखाद्या लाल फुलाकडे पाहा. फूल काळपट दिसेल. दाट झाडीखाली पोचणारा प्रकाश पानांतून गाळून आलेला, थोडासा हिरवट आणि मुळातच कमी असतो. त्या प्रकाशात लाल रंग विझल्यासारखा होतो. शिवाय नवरंगाचा लाल रंग असतो शेपटीच्या खालच्या बाजूला. वरून झडप घालणाऱ्या शिक्र्याला दिसते ती हिरवी पाठ, आणि नवरंग स्तब्ध उभा राहिला तर ती पाठ म्हणजे एक पडलेले पान. पंखांवरचा निळा रंगही फसवा आहे. पक्ष्यांच्या पिसांतला निळा रंग बहुधा निळ्या रंगद्रव्याचा नसतो. पिसातील अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विशिष्ट प्रकारे विखुरतो आणि आपल्याला निळा दिसतो. म्हणून उन्हाच्या कवडशात आला की नवरंग लखलखतो आणि सावलीत गेला की मावळतो. उडाला तर पंखांवरचे पांढरे ठिपके क्षणभर चमकतात, आणि पुढच्या क्षणी तो खाली उतरून दिसेनासा होतो. पाठलाग करणारा मात्र तो पांढरा ठिपका शोधत बसतो.

पातेऱ्यात काय असते?

झाडाखाली साचलेल्या सुक्या पानांच्या थराला कोकणात पातेरा म्हणतात. वरची पाने कोरडी आणि अख्खी असतात, त्याखालची ओलसर व जाळीदार, त्याखाली काळा भुगा आणि मग माती. नवरंगाचे सगळे घरदार म्हणजे हा चार बोटांचा थर.

त्याची चाल पाहा. चिमणीसारखा तो टुणटुण उड्या मारत पुढे सरकतो, थांबतो, आखूड शेपटी सावकाश वरखाली हलवतो. मग चोचीने एक पान उलटून बाजूला टाकतो, त्याखालची माती उकरतो आणि एखादे गांडूळ, वाळवी किंवा भुंग्याची अळी उचलतो. असे पान-पान उलटत तो वाडीभर हिंडतो. हे काम तो केवळ डोळ्यांनी करतो असे नाही. चिमणीच्या गणातील अनेक पक्ष्यांच्या मेंदूंची तुलना केली तेव्हा पिट्टाच्या मेंदूतला वास ओळखणारा भाग बराच मोठा निघाला. ओल्या पानांखालचे गांडूळ दिसण्याआधी त्याला त्याचा वास येत असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. पक्ष्यांना वास फारसा कळत नाही, अशी समजूत कित्येक वर्षे होती. या छोट्या पक्ष्याने ती डळमळीत करायला हातभार लावला.

पातेऱ्यातले जग तुम्हालाही पाहता येईल. १९०५ साली अँतोनिओ बेर्लेसे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने त्यासाठी एक साधे उपकरण बनवले, आणि १९१८ मध्ये स्वीडनच्या तुलग्रेनने त्यात विजेचा दिवा वापरून सुधारणा केली. शाळेत ते एका तासात होते. रॉकेलचे जुने नरसाळे स्वच्छ धुऊन घ्या किंवा जाड पुठ्ठ्याचे करा. आत तारेची जाळी बसवा. जाळीची भोके तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असावीत. नरसाळ्याखाली काचेची बरणी ठेवून तिच्या तळाशी ओला टीपकागद घाला. जाळीवर दोन मुठी पातेरा, खालच्या काळ्या भुग्यासह, पसरा. वर वीतभर अंतरावर ४० वॅटचा साधा, तापणारा दिवा लावा. एलईडी चालणार नाही, तो पुरेसा तापत नाही. दिवा पानांना टेकू देऊ नका आणि उपकरण एकटे सोडून जाऊ नका.

पातेऱ्यातील जिवांना उजेड, उष्णता आणि कोरडेपणा नको असतो. वरून थर सुकू लागला की ते खाली-खाली सरकतात आणि शेवटी बरणीत पडतात. टाचणीच्या डोक्याएवढे उड्या मारणारे कोलेंबोला, माइट, लहान कोळी, गोम, वाणी, अळ्या, इवल्या गोगलगाई असे कितीतरी प्राणी भिंगाखाली दिसतील. त्यांची मोजणी करून त्यांना पुन्हा झाडाखाली सोडून द्या.

हाच प्रयोग मेच्या सुट्टीत आणि पुन्हा जुलैत, एकाच झाडाखालचा, सारख्याच वजनाचा पातेरा घेऊन करा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. नवरंग कोकणात मुक्काम नेमका केव्हा करतो आणि का करतो, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत बरेचसे सापडेल.

ओलीच्या मागे मागे

कोकणात जानेवारीनंतर जमीन सुकत जाते. गांडुळे खोल जाऊन निपचित पडून राहतात, पातेरा पापडासारखा कुरकुरीत होतो. या दिवसांत नवरंग येथे नसतो. तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. तिथल्या, विशेषतः पूर्वेकडच्या, भागांत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि झाडांखालची जमीन हिवाळ्यात ओलसर राहते. उन्हाळा वाढला की नवरंग उत्तरेकडे निघतो. एप्रिल-मेमध्ये तो पश्चिम किनाऱ्याने आणि मध्य भारतातून वर सरकतो. काही पक्षी सह्याद्रीत व कोकणात थांबतात, काही सातपुड्याकडे जातात, तर काही थेट हिमालयाच्या पायथ्याशी पोचतात. तिकडचे नवरंग हिवाळ्यात श्रीलंकेपर्यंत जात असतील तर त्यांचा एका बाजूचा प्रवास दोन हजार किलोमीटरांहून अधिक होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात साधारण १ जूनला आणि मुंबईत १० जूनच्या आसपास पोचतात. नवरंग त्यांच्या थोडा आधी येऊन जागा धरून बसतो. थोडक्यात, हा पक्षी वर्षभर ओल्या पातेऱ्याच्या मागे मागे फिरत असतो.

तमिळनाडूत त्याला ‘आरुमणी कुरुवी’ म्हणतात. आरुमणी म्हणजे सहा वाजता, कुरुवी म्हणजे पक्षी. तिथे हिवाळ्यात तो सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला शीळ घालतो. मग दिवेआगरला संध्याकाळी सातला का? मेअखेर आपल्याकडे सूर्यच सातनंतर मावळतो म्हणून. पक्षी घड्याळ पाहत नाही, उजेड पाहतो. आभाळ भरून आले की तो भर दुपारीही बोलू लागतो.

या शिळेतही एक गंमत आहे. बुलबुल, दयाळ, कस्तुर हे पक्षी गाणे थोडेफार शिकतात. पिलू मोठ्यांचे ऐकते, चुकतमाकत म्हणते आणि मग त्याला जमते. पिट्टाचे कूळ याहून वेगळ्या शाखेतले आहे. या शाखेतील पक्ष्यांची शब्दिनी, म्हणजे श्वासनलिकेच्या बुडाशी असलेले आवाजाचे इंद्रिय, तुलनेने साधी असते. या शाखेतले बहुसंख्य पक्षी दक्षिण अमेरिकेत राहतात, आपल्याकडे मोजकेच. त्यांच्यापैकी फीबी नावाच्या अमेरिकन पक्ष्यावर प्रयोग झाला, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. ज्या पिलांना स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता, तीही मोठी होऊन आपल्या जातीचे गाणे व्यवस्थित गायली. त्यांचे गाणे जन्मजात होते. नवरंगाची दोन स्वरांची शीळही याच प्रकारची असावी. मान मागे टाकून, चोच आभाळाकडे करून तो शीळ घालतो, आणि तेवढ्यासाठी कधीकधी जमीन सोडून फांदीवर बसतो. रात्री झोपायलाही तो झाडावरच जातो.

रात्रीचा प्रवासी

नवरंग रात्री प्रवास करतो. रात्री हवा थंड असते, शिक्रा-ससाण्यांची भीती नसते. पण माणसाने रात्री उजळून टाकल्या आहेत. मे-जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, थकलेला नवरंग दिव्याला भुलून घरात शिरतो, काचेवर आपटतो, सकाळी गॅलरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात बसलेला आढळतो. मुंबईतल्या उंच इमारतींत असे दर वर्षी होते.

मला स्वतःला नवरंग प्रथम असाच भेटला. पहाटे पडवीत झाडू मारताना चपलांच्या शेजारी तो बसला होता, डोळे अर्धे मिटून. मी मोठ्या मायेने त्याला वाटीत पाणी दिले, चोच उघडून भाताची शिते भरवायचा प्रयत्न केला आणि शेजारची दहा मुले बोलावून दाखवला. तासाभरात तो मेला. माझी माया त्याला बाधली, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

म्हणून हे लक्षात ठेवा. असा पक्षी सापडला तर पुठ्ठ्याचे खोके घ्या, त्याला हवेसाठी भोके पाडा, तळाशी फडके घाला आणि पक्ष्याला हलक्या हाताने आत ठेवून खोके बंद करा. खोके शांत, काळोख्या जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, काही भरवू नका, दर पाच मिनिटांनी उघडून पाहू नका. दिवेलागणीच्या आधी झाडीच्या कडेला खोके जमिनीवर ठेवून उघडा आणि मागे सरा. बहुतेक वेळा तो आपला आपण जातो. पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर वनखात्याला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे नवरंग पाळणे गुन्हा आहे. आणि तसेही पिंजऱ्यात पातेरा कुठून आणणार?

घरटे आणि वाडी

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की वीण सुरू होते आणि ती ऑगस्टपर्यंत चालते. घरटे जमिनीवर किंवा कमी उंचीच्या फांदीवर असते. दिसायला ते सुक्या पानांचा, काटक्यांचा आणि गवताचा एक गोळा. बाजूने गोल दार. शेजारून गेलात तरी वाऱ्याने साचलेला पालापाचोळाच वाटेल. मादी चार-पाच अंडी घालते. अंडी जवळजवळ गोल, तकतकीत पांढरी आणि त्यांवर जांभळट ठिपके. नर व मादी दोघेही पिलांचे संगोपन करतात. गांडूळ चोचीत धरून आलेला नवरंग घरट्यात सरळ जात नाही. आधी आजूबाजूला पाहतो. मांजर, मुंगूस, साप, भारद्वाज यांपैकी कोणाचीही नजर पडली तर घरटे गेलेच समजा. तुम्हीही घरट्याजवळ जाऊ नका. आपल्या वाटेने मांजर तेथे पोचते.

आता विचार करा, या पक्ष्याला एकंदर काय लागते? डोक्यावर सावली, पायाखाली पातेरा आणि शेजारी एखादी जाळी. आंबा, फणस, उंडी, नारळ, पोफळ असलेली जुनी वाडी हे सारे देते. शेजारच्या डोंगरात हे असायला हवे, पण मार्च-एप्रिलच्या वणव्यांत कित्येक उतारांवरचा पातेरा जळून जातो. भातशेतीसाठी राब भाजतानाही पालापाचोळा, कवळे आणि शेण शेताच्या तुकड्यावर पसरून पेटवतात. राबामागे शेतकऱ्याचा अनुभव आहे : तणाचे बी मरते, राख मिळते, रोप जोमदार येते. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण डोंगर जळाला, वाडीचा पातेरा राबात गेला, उरलेला ‘स्वच्छता’ म्हणून पेटवला, तर मेअखेर आलेल्या पाहुण्याने पान उलटायचे कुठे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. तारीख पाहा. नवरंग येऊन जागा धरत असतात ते हेच दिवस. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळ ही माडाच्या सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला वाढणारी, आणि लावल्यापासून फळ यायला सहा-सात वर्षे लागणारी. घरोघरचे उत्पन्न गेले. सावलीही गेली. जिथे भर दुपारी काळोख असे तिथे ऊन थेट जमिनीवर आले.

पडलेले माड तसेच ठेवणे शक्य नव्हते. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे जिवंत माडांचे शेंडे पोखरतो, तेव्हा ती खोडे हलवायलाच हवी होती. मात्र खोड वेगळे आणि पातेरा वेगळा. नव्या रोपाच्या आळ्यात पानांचे आच्छादन असेल तर ओल टिकते, पाणी कमी लागते आणि कुजलेल्या पानांचे खत तिथल्या तिथे मिळते. आच्छादनाचा हा फायदा शेतीची पुस्तकेही सांगतात. मग निदान गडग्याच्या कडेने, फणसाखाली, करवंदीच्या जाळीत जे पडते ते न झाडता तसेच ठेवले तर वाडीचे काय बिघडते? अंगण लख्ख असावे हे मान्य. वाडी अंगणासारखी लख्ख का असावी, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांना प्रयोगशाळा लागली नाही. घराजवळची झाडे, वही, पेन्सिल आणि बसून राहण्याची तयारी एवढे पुरले. नवरंगासाठी याहून अधिक काही लागत नाही.

एक वही करा. मेच्या २० तारखेपासून रोज सकाळी आणि दिवेलागणीला दहा मिनिटे ऐका. पहिली शीळ कोणत्या तारखेला ऐकली, किती वाजता, त्या दिवशी आभाळ कसे होते, पहिला मोठा पाऊस त्यानंतर किती दिवसांनी आला, ते लिहा. एकाच वाडीच्या चारही कोपऱ्यांतून कान देऊन किती नवरंग बोलतात ते नकाशावर खुणा करून दाखवा. शिक्षकांनी ही वही दर वर्षी पुढच्या इयत्तेकडे सोपवावी. पाच-सात वर्षांच्या नोंदी एकत्र आल्या की नव्याने वाढणाऱ्या वाड्यांत नवरंग केव्हा व किती परतले हे त्यांतून वाचता येईल.

शेवटच्या शिळेची तारीख टिपणे त्याहून अवघड आहे. वीण आटोपली की त्याचे बोलणे कमी-कमी होत जाते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या एखाद्या रात्री तो गुपचूप निघून जातो. तेव्हा शीळ ऐकू आली नाही तरी रोजची ओळ लिहीत राहा : ‘आज ऐकू आला नाही.’ शेवटची तारीख त्या ओळींच्या आधीच्या ओळीत सापडते.